उठायचा मान

"बाबा, आज एकही नियम नको. शब्द द्या मला."

साखरपुड्याची साडी सावरत गौरीनं हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या हॉलच्या दारातच बापाला अडवलं. ह्यांनी कोटाचं बटण लावलं आणि म्हणाले, "दिला."

मी हसू दाबलं. ह्यांच्या पणजोबांचं निजामाच्या मुलखात एक चिमुकलं संस्थान होतं. गावं गेली, हत्ती असलाच तर तोही गेला, आणि आमच्या हर्षवर्धनरावांच्या वाट्याला वीज खात्यातली कारकुनी आणि घराण्याचे नियम तेवढे उरले. वडीलधाऱ्यांकडे पाठ करायची नाही, म्हणून हे सासूबाईंसमोरून उलटे चालत स्वयंपाकघरात यायचे. त्यात माझं दूध दोनदा सांडलंय.

गौरीची धास्ती मात्र खरी होती. नवऱ्या मुलाची, कौस्तुभची, पुण्याची मंडळी घरी आली तेव्हा ह्यांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, "आमच्याकडे घराण्याचा मुख्य पानावरून उठला की कुणी पुढचा घास घेत नाही." कौस्तुभच्या आत्या, सुनीताताई, खो खो हसल्या. "म्हणजे तुमचं पोट भरलं की आम्ही उपाशीच!" सगळेच हसले. ते गेल्यावर गौरी रडली. "आई, हे लोक मला जन्मभर चिडवणार."

अंगठ्या झाल्या आणि पहिली पंगत बसली. ह्यांच्यासमोर कौस्तुभचे आजोबा, अप्पा बसले. त्यांचा हात कापतो. घास तोंडाशी पोचेपर्यंत अर्धा सांडतो. बाकीच्यांचं बगारा भात, डबल का मीठा सगळं आटोपलं, माणसं उठली. अप्पांचा दहीभात निम्मा राहिला होता. पुढच्या पंगतीचे लोक खुर्च्यांमागे येऊन उभे राहिले.

"साब, हो गया तो टेबलां साफ करतूं," वाढपी म्हणाला. "पीछे लोगां खड़े हैं."

"अप्पा, राहू द्या आता," कौस्तुभचे वडील पुटपुटले. "रूमवर गेल्यावर देतो काहीतरी."

अप्पांनी हात मागे घेतला. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

ह्यांचं जेवण केव्हाच झालं होतं, हातही कोरडा पडला होता. पण हे वाढप्याला म्हणाले, "ठैरो भाई, जल्दी नक्को. दहीभात लाओ और. मेरा पेट किधर भरा?" मग अप्पांकडे वळले. "अप्पासाहेब, सोबत द्या. एकट्यानं जेवायला मला लाज वाटते."

अप्पांचा हात पुन्हा भाताकडे गेला.

"राजेसाहेबांची भूक भारी हं!" सुनीताताई मागून म्हणाल्या. हशा पिकला. ह्यांनी ऐकून घेतलं. नियमाचं अवाक्षर काढलं नाही, लेकीला शब्द दिला होता ना! एकेक शीत उचलत बसले. ह्यांना मधुमेह आहे, डॉक्टरांनी भात बंद केलाय.

गौरी तणतणत माझ्याकडे आली. "फोटोवाला खोळंबलाय, आणि बाबा भात काय मागतायत!"

"त्यांना भूक नाहीये," मी म्हटलं. "तुम्ही सगळ्यांनी नियम अर्धाच ऐकलात. मुख्य उठला की पंगत थांबते, म्हणूनच शेवटच्या माणसाचं जेवण झाल्याशिवाय मुख्यानं उठायचं नाही. पोट भरलेलं असो, तब्येत बरी नसो. नवी सून होते तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं मला."

"मग बाबा त्या दिवशी बोलले का नाहीत?"

"तुम्ही हसत होतात. त्यांना पुढचं कुणी विचारलं?"

गौरीनं टेबलाकडे पाहिलं. अप्पा सावकाश जेवत होते. आता ते इकडेतिकडे बघत नव्हते. ती निऱ्या सावरत गेली आणि बापाशेजारच्या खुर्चीत बसली. "भैया, मलाही पान मांडा. दहीभातच वाढा."

सुनीताताईंचं हसू थांबलं. ह्यांचं राज्य मी कधी पाहिलं नाही, पण त्या टेबलापाशी मी मान ताठ करून उभी राहिले.

अप्पांनी शेवटचा घास खाल्ला, पाणी घेतलं आणि जेवण झाल्याची खूण म्हणून कापऱ्या हातांनी केळीचं पान दुमडलं. मग ह्यांनी दुमडलं. त्यानंतर गौरीनं.