चार महिने जास्तीचे पेट्रोल

मित्रांनो, कॉवेल गावाच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये एक निळी गाडी उभी आहे. तिच्या चारही चाकांतली हवा गेली आहे. ती मी. तीस वर्षांपूर्वी कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या इंजिनाला जादा हवा कोंबून जोर वाढवणारा टर्बो बसवलेला होता. पाय दाबला की तो शीळ घाली आणि मी चढावरही ट्रकांना मागे टाकी.

माझे मालक लॉइड पॅस्को खाडीतून कालवे, म्हणजे ऑयस्टर शिंपले, काढणाऱ्या बोटींची इंजिने दुरुस्त करीत. दर रविवारी ते मला स्वतः धूत. त्यांची पत्नी नोरीनबाई पायरीवर बसून म्हणत, "मला कधी एवढं चोळून न्हाऊ घातलं नाहीस रे!"

पुढे नोरीनबाईंची मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी शंभर किलोमीटरवरच्या वायॅला शहरात जावे लागे. जाताना त्या बोलत असत, येताना डोळे मिटून पडून राहत. आपले खरे काम आता सुरू झाले, असे मला वाटे.

आणि नेमकी तेव्हाच मी बिघडले. पेट्रोल भराभर संपू लागले. उभी राहिले की थरथरू लागे. सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी साचे, आणि काचा लावल्या तरी वास आत येई. नोरीनबाई नाकाला रुमाल लावून बसत.

"लॉइड, मळमळतंय मला. त्या ट्रुडीला दाखव ना एकदा."

ट्रुडी कोव्हाच ही गावातल्या गॅरेजची नवी मालकीण.

"तिला? ती रांगत होती तेव्हा मी इंजिनं खोलत होतो!"

लॉइडनी प्लग बदलले. ते आठवड्यात काळे पडले. मग आत जाणारी हवा मोजणारा भाग बदलला. मग आणखी काहीतरी. मोजून काहीच पाहिले नाही, नुसते अंदाज. असे चार महिने गेले. शेवटी एका सकाळी नोरीनबाई अंगणातच उलटी करून खाली बसल्या, तेव्हा ते मुकाट्याने मला गॅरेजात घेऊन गेले.

ट्रुडीने आधी काहीच खोलले नाही. तपासणीचे यंत्र जोडले, पडद्याकडे पाहिले, मग इंजिनाजवळ हात नेला.

"इथं चटका बसतोय, आणि तापमानाचा सेन्सर म्हणतोय चार अंश! गाडीला वाटतंय, आत्ताच थंडीत सुरू केलंय. म्हणून ओततेय पेट्रोल."

तो सेन्सर अंगठ्याएवढा होता. लॉइड हसले. "एवढंच?"

ट्रुडी हसली नाही. तिने ऑइलची पट्टी ओढून वास घेतला, टर्बोचा दांडा हलवून पाहिला. "ऑइलमध्ये पेट्रोल उतरलंय. त्या पातळ ऑइलवर फिरून बेअरिंग खिळखिळं झालंय. सेन्सर आणि ऑइल आज बदलते, पण नवा टर्बो येईपर्यंत लांब नेऊ नका, लॉइड. माझी व्हॅन घ्या."

"तुझा तो खुळखुळा? नको गं पोरी. हळू चालवीन मी."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. वास नव्हता. नोरीनबाईंनी रुमाल पर्समध्ये ठेवला आणि काच खाली करून वारा घेतला. मीही खुशीत होते. पन्नास किलोमीटरवर टर्बोचा दांडा मोडला. सगळे ऑइल धूर होऊन बाहेर पडले आणि इंजिन जाम झाले. ऊन बेचाळीस अंशांचे, फोनला रेंज नाही, आसपास नुसती खुरटी झुडपे. मेंढ्यांचा एक ट्रक दोन तासांनी आला. तोवर लॉइड नकाशाची घडी करून नोरीनबाईंना वारा घालत होते आणि "आलंच कोणीतरी, आलंच," म्हणत होते.

ट्रकवाल्याने त्यांना वायॅलाच्या रुग्णालयात पोचवले, पण उन्हाने खचलेल्या नोरीनबाई घरी परतल्या नाहीत. दहाव्या दिवशी वायॅलातच त्या गेल्या.

ट्रुडीने मला ओढून या शेडमध्ये आणले. लॉइड दाराशी उभे होते.

"खरं सांग. आधी आणली असती तर?"

"टर्बो वाचला असता," ती म्हणाली.

"टर्बोचं नाही विचारत मी."

तिने दोर सोडला आणि ती गेली.

मित्रांनो, गाडीची काळजी घ्या. बिघाड दिसला तर अंदाज करू नका, मोजून पाहा. पण त्याआधी, शेजारी बसलेले माणूस त्रास होतोय म्हणाले, तर त्याच दिवशी ऐका. तो वास मी चार महिने नोरीनबाईंच्या नाकात घातला. माफी मागायला मला तोंड नाही. लॉइड कधीकधी येऊन माझ्यात बसतात, रिकाम्या सीटकडे वळून काहीतरी पुटपुटतात, आणि दार हळूच लावून निघून जातात.