टाकीवरची जागा

शकुबाईला उभ्या जन्मात ‘तुला काय पाहिजे?’ असं कुणी विचारलं नव्हतं. लग्न ठरवताना नाही, साताऱ्याकडच्या गावातून मुंबईला आणताना नाही, आणि कांदा-बटाट्याचा बाजार वाशीला हलला, त्याच्या मागोमाग बिऱ्हाड नेरूळच्या या बिल्डिंगीत आलं तेव्हाही नाही. तिला त्याचं वाईट वाटत होतं असंही नाही. जी गोष्ट कुणालाच मिळत नाही तिच्यावाचून कुणाचं अडत नाही. म्हणूनच सोसायटीच्या मीटिंगमध्ये हेतलनं एकदम तिच्याकडे वळून, “मावशी, तुम्हाला काय हवंय?” असं विचारलं, तेव्हा शकुबाई गांगरली आणि तोंडाला येईल ते बोलून गेली.

“मला काय नको, बाई.”

मीटिंग होती बिल्डिंगींच्या मधल्या मोकळ्या जागेसाठी. बिल्डिंगी जेमतेम पंधरा-सोळा वर्षांच्या, पण खाऱ्या हवेनं त्यांची पार रया गेली होती. स्लॅबचं प्लॅस्टर झोपलेल्या माणसाच्या अंगावर पडायचं. रहिवाशांनी ओरडून ओरडून घसा कोरडा केला, तेव्हा कुठे बिल्डिंगी बांधणाऱ्या सरकारी ऑफिसातून दुरुस्ती मंजूर झाली. नवे पाइप, नवं प्लॅस्टर, आणि त्याच्या जोडीला मधल्या मैदानाचीही नीट आखणी. त्या मैदानावर तोवर डेब्रिज, बाभळी आणि हौसेरावांची बंद पडलेली स्कूटर एवढंच नांदत होतं. हौसेराव म्हणजे सोसायटीचे चेअरमन. ती स्कूटर हलवा असं त्यांना सांगण्याची हिंमत कुणात नव्हती.

आखणी करायला आली ती हेतल. शेजारच्या सारसोळे गावातली कोळ्यांची पोर, आर्किटेक्ट झालेली, ऑफिसात नव्यानं लागलेली. तिची आजी चंद्राबाई रोज मासळीची पाटी घेऊन याच बिल्डिंगींत फिरायची, त्यामुळे पोरगी कुणाला परकी नव्हती. पण तिनं सांगितलं ते मात्र कुणाच्या बापजन्मात ऐकलेलं नव्हतं. “ऑफिसात बसून नकाशा काढायचा नाही. इथं राहता तुम्ही, म्हणून तुम्हीच सांगा, इथं काय पाहिजे.”

मग काय विचारता! इथले निम्मे गडी बाजारात पोती उचलणारे, तेही साताऱ्याकडच्या तीन-चार गावांतले. एका गावच्या टोळीनं भैरोबाचं देऊळ मागितलं. ते ऐकून दुसऱ्या गावच्यांना आपला जोतिबा आठवला. तिसऱ्यांनी म्हसोबा काढला. हौसेरावांनी सगळ्यांना गप्प केलं आणि स्वतः मारुतीचं देऊळ सुचवलं. तेवढ्याशा मैदानात चार देवळं झाली आणि माणसाला बसायला तसूभर जागा उरली नाही.

बायकांची तऱ्हा निराळी. एक म्हणाली, पोरांना खेळायला पाहिजे. दुसरी म्हणाली, सासूबाईंना चालायला फरशी घाला. तिसरीला नवऱ्याच्या सायकलीसाठी शेड हवी होती. हेतलनं प्रत्येकीला विचारावं, “आणि तुम्हाला स्वतःला?” की बाई पदर सावरून दुसरीकडे बघायची. शकुबाई तर काहीच नको म्हणून मोकळी झालेली.

घरी जिना चढताना मात्र तिचा तिलाच राग आला. नको काय म्हणून? हवं होतं की! आणि हवं होतं ते जिभेच्या टोकावर होतं. तिला कुठेच जायचं नव्हतं.

बाबासोची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, बाजारातली हमाली आता संपत आली होती. पाठीनं जन्मभर पोती वाहिली, आता ती कुरकुरायला लागली होती. पाडव्याला काम सोडायचं, खोली विकायची आणि गावी जाऊन धाकट्या भावाशेजारी घर बांधायचं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. मीटिंगला तो आलाच नव्हता. “आपण पावनं,” तो म्हणाला होता. “पावन्यानं यजमानाच्या अंगणात काय लावावं, ह्यात तोंड घालू नये.” शकुबाईनं त्यावर मान हलवली होती. मान हलवण्याची सवय वाईट. ती हो म्हणते की नुसती ऐकते, हे समोरच्याला कळत नाही.

जायचं नव्हतं याची कारणं सांगायला बसली असती तर बरीच निघाली असती. पोरगी अरुणा जवळच कळंबोलीला दिलेली. आणि गावाकडे आता ओळखीचं म्हणाल तर जाऊबाईचं तोंड, तेही दर खेपेला थोडं जास्त वाकडं. पण खरं कारण यातलं एकही नव्हतं. खरं कारण होतं पाण्याची टाकी.

तिच्या जिन्यासमोर जमिनीत बांधलेली पाण्याची टाकी होती. वरचा सिमेंटचा स्लॅब गुडघाभर उंच. त्या स्लॅबवर रोज संध्याकाळी शकुबाई बसायची. कधी मटार सोलत, कधी तांदूळ निवडत, आणि निवडायला काही नसलं तर शेजारणींची उणीदुणी निवडत.

ही बैठक सुरू कशी झाली, त्याची गोष्ट फक्त त्या नवरा-बायकोला ठाऊक होती. राहायला आले तेव्हा इथल्या सगळ्या बिल्डिंगी एकाच साच्यातून काढल्यासारख्या होत्या. तोच रंग, तोच जिना, तेच दार. पहिल्याच आठवड्यात दमून आलेला बाबासो भलत्याच बिल्डिंगीत शिरला, भलत्याच घरात बसला, माठातलं पाणी प्यायला आणि “शके, भाकरी वाढ” म्हणाला. आतून एक मद्रासी बाई बाहेर आली. दोघांनीही बोंब मारली. दुसऱ्या दिवसापासून शकुबाई टाकीवर बसायला लागली. रस्त्याचं वळण तिथून थेट दिसायचं, आणि वळणावरून ती.

नंतर बिल्डिंगींना नंबर पडले, रंग बदलले. बाबासोलाही घर डोळे मिटून सापडायला लागलं. शकुबाई बसायची थांबली नाही. वळणावर त्याची टोपी दिसली की आजचा दिवस धड गेला, पोत्याखाली कुणी सापडलं नाही, असं तिला वाटायचं. मग उठायचं आणि चहा टाकायचा. एवढंच. पण आता हे चार बायकांत सांगायचं कसं? डोक्याचे केस पिकलेले आणि म्हणायचं, मी नवऱ्याची वाट बघत बसते? त्यापेक्षा ‘मला काय नको’ बरं.

इकडे हेतल डोकं धरून बसली होती. चार देवळं आणि सायकलीची शेड यांतून बाग निघेना. तिच्या आजीनं तिला झाडलं.

“बायांना कदी असं इचारतान काय? मी दारात जाऊन ‘मावरा पायजे?’ इचारला तर सगल्या ‘नको’च बोलतात. पाटी उगरून ठेवायची, पोरी. मंग बग, कोन कुठं बसते न् कोनाचा हात कुठं जाते!”

हेतलनं ते मनावर घेतलं. पुढच्या रविवारी तिनं सगळ्यांना सांगून पाठवलं, की संध्याकाळी रोज जिथं बसता, उभे राहता, तिथंच येऊन बसा. बोलायचं काही नाही. मी फक्त चुन्याची फक्की मारणार.

ती संध्याकाळ बघण्यासारखी होती. हातात पांढऱ्या फक्कीची बादली घेऊन हेतल मैदानभर फिरत होती आणि माणसाभोवती गोल काढत होती. पत्ते खेळणाऱ्यांभोवती एक मोठा गोल. कोपऱ्यात एकटेच पेपर वाचत बसणाऱ्या आप्पांभोवती एक छोटा. हौसेराव स्कूटरला टेकून उभे राहिले, तेव्हा तिनं स्कूटर सोडून फक्त हौसेरावांभोवतीच गोल काढला. लोकांना काय समजायचं ते समजलं. पोरांभोवती गोल काढता येईना, ती थांबतच नव्हती. तिनं तो सगळा मधला पट्टाच पोरांना देऊन टाकला. देवळांवर भांडणारे त्या दिवशी सगळे पत्त्यांच्या गोलात मांडीला मांडी लावून बसले होते, देवळाचं नाव कुणी काढलं नाही.

शकुबाई टाकीवर होती, परातीत मटाराच्या शेंगा घेऊन. आजूबाजूला चार शेजारणी. हेतल तिथं आली आणि थबकली.

“मावशी, इथला गोल नाही काढता येणार. टाकी दुरुस्त करायचीय, तिच्यावर कुणी बसायचं नाही असं इंजिनीयर म्हणतात. जाळी लागणार. पण मागच्या बाजूला बदामाच्या झाडाखाली मी तुमच्यासाठी छान कट्टा करते. सावली आहे, खाडीचा वारा येतो.”

शेजारणींना ते पसंत पडलं. पसंत न पडण्यासारखं त्यात काही नव्हतंच. त्या उठल्या, परात उचलली, शकुबाईलाही हाताला धरून उठवलं. बदामाखाली खरंच गार होतं. शकुबाई झाडाला पाठ टेकून बसली. समोर बिल्डिंगीची मागची भिंत आणि संडासाचे पाइप. हेतलनं तिच्याभोवती गोल काढला. शकुबाई एकेक शेंग सोलत राहिली. पाडव्याला जायचंच आहे, मग टाकी काय आणि बदाम काय, असं तिनं मनाला समजावून बघितलं. मन ऐकेना.

आणि तेवढ्यात पुढच्या बाजूनं हाक आली.

“शके! अगं ये शके!”

रविवार म्हणून बाबासो वर झोपला होता. उठून त्यानं गॅलरीतून खाली बघितलं तर टाकी रिकामी. तो तसाच बनियनवर जिना उतरला, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात शेजाऱ्याची. मैदानातून पोरं, पत्ते, फक्की सगळं तुडवत तो बदामापाशी आला तेव्हा त्याला धाप लागली होती.

“काय झालं तुला?”

“मला काय हुतंय? बसलीया नव्हं हितं.”

“हितं कशापायी बसलीस?” बाबासो ओरडलाच. घाबरलेला माणूस सापडलेल्या माणसावरच ओरडतो. “टाकीव न्हाईस म्हनल्यावर मानसानं काय समजायचं?”

हेतलनं मध्ये पडून त्याला सगळं सांगितलं. जाळी, इंजिनीयर, सावली, वारा. बाबासोनं ऐकून घेतलं आणि बदामाकडे असं बघितलं, जणू त्या झाडानंच त्याची बायको पळवली होती.

“वारा काय करायचाय? हितनं वळण दिसतंय का?”

“कसलं वळण, काका?”

“रस्त्याचं. मी वळणाव आलो की आदी टाकीकडं बगतो. ही दिसली की घर जाग्याव हाय, समदी खुशाल हायती. मग पाय आपसूक उचलत्यात. इतकी वर्सं असंच आलोय मी घरला. हिला हितं माघारी बसवली तर मी काय पाइपाकडं बगत यीऊ?”

बायका पदरात तोंड घालून हसल्या. शकुबाईनं हसावं की लाजावं हे न कळून परातीत बघितलं. तिला वाटत होतं, वळणाकडे फक्त तीच बघते. तिकडून हा गडीही रोज बघत होता, आणि घरात शिरल्यावर दोघंही चहाखेरीज एक अक्षर बोलत नव्हती!

“मग टाकीच्या शेजारी करते ना कट्टा,” हेतल म्हणाली. “जाळीच्या बाहेर, वळणाकडे तोंड करून.” ती लगबगीनं पुढच्या बाजूला गेली, बाकीची वरात तिच्या मागून. शकुबाई टाकीच्या कडेला जमिनीवर बसली आणि तिच्याभोवती नवा गोल निघाला.

पण हौसेरावांना स्कूटरचा सल होताच. “अहो बाबासो,” ते म्हणाले, “तुम्ही तर पाडव्याला गावी चाललात. मग हा कट्टा कुणाला?”

बाबासोनं बनियन खाली ओढलं. “खरंच की,” तो पुटपुटला. “भावाला शबूद दिलाय.”

हेतल शकुबाईसमोर उकिडवी बसली. हात फक्कीनं पांढरे झालेले. तिनं मीटिंगमधलाच प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी अगदी हळू.

“मावशी, तुम्हाला काय हवंय?”

शकुबाईनं परात बाजूला ठेवली. चारचौघांत, नवऱ्यादेखत, तिनं मान हलवली नाही. मान वर केली.

“मला हितंच ऱ्हायाचंय.”

बाबासो तिच्याकडे बघतच राहिला. “मग इतक्या दिसांत बोलली का न्हाईस?”

“तुमी इचारलं कवा?”

बाबासोनं एकदा वळणाकडे पाहिलं. मग टाकीकडे, मग त्या पांढऱ्या गोलात बसलेल्या आपल्या बायकोकडे. पाठीवर पोतं घेण्याआधी घ्यायचा तसा त्यानं एक लांब श्वास घेतला.

“पोरी,” तो हेतलला म्हणाला, “तुझा गोल चुकलाय.”

“कसा काय?”

“एकल्या बाईचा काढलायस. आता बाजार सुटल्याव मी वळणावरनं कुटनं येनार? जरा मोटा काढ की. मला कुटं बसायचं?”

हेतल उठली. जुना गोल तिनं पायानं पुसला आणि दोघांपुरता नवा काढायला घेतला. फक्की पुरती पडायच्या आतच बाबासो गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत, बायकोशेजारी टेकला. शकुबाई डोळ्यांतून पाणी काढत हसत होती आणि ते कुणापासून लपवतही नव्हती. मग तिनं परात ओढून दोघांच्या मध्ये ठेवली.

“बसायचं तर शेंगा सोलाव्या लागत्याल,” ती म्हणाली.

बाबासोनं एक शेंग उचलली.