फुली, गोळा आणि पालखी

हरिहरेश्वरात खोल्या भाड्यानं देणारा अंबाजी आपल्या पुतणीकडून, मृणालकडून, शेअरचा फुली-गोळ्याचा तक्ता शिकला आणि घरातली शांतता गेली. भाव चढला की चौकोनात फुली, उतरला की गोळा. तारीख-वार काही मांडायचं नाही. बारीकसारीक हालचालीची नोंद नाही, हात बांधून बसायचं. भाव तीन घरं, म्हणजे तीन चौकोन, उलटा फिरला, तरच शेजारी नवा रकाना. "काका, यात अक्कल कमी लागते, धीर जास्त," मृणाल म्हणाली होती. आपल्याकडे दोन्ही आहे, असं अंबाजीला वाटलं.

शिमग्यात देवीची पालखी दारात आली, तेव्हा त्याच्या शेअरनं नेमकं तिसरं घर गाठलं होतं. "आलो, आलो," म्हणत तो रकाना भरत बसला. बाहेर त्याची बायको कमळ ओवाळायचं ताट घेऊन एकटीच उभी. नारळ घरधन्यानं द्यायचा असतो. पालखी जरा थांबली आणि पुढच्या दारी गेली. गावभर बोभाटा झाला. कमळ पिशवी भरून म्हसळ्याजवळ माहेरी निघून गेली.

अंबाजीनं मग तिच्या मर्जीचाच तक्ता मांडला, ती गेली तेव्हाच्या गोळ्यांपासून. तिनं फोन उचलला, पण "काय हाय?" म्हणून ठेवला, एका घराचीही हालचाल नाही, सबब नोंद नाही. तिनं आपल्या भावाच्या हाती कोकमं धाडली, निरोप नाही, नोंद नाही. तिची गुंडाळलेली गादी तो रोज झटकून परत जागेवर ठेवी, पण त्याला तक्त्यात जागा नव्हती.

मृणालनं तो कागद पाहिला. "काका, नुसते गोळेच हायेत."

"वाट बघतोय. तीन घरं उलटू दे."

"शेअरला आपण हलवू शकत न्हाय, म्हणून वाट बघायची. काकू शेअर हाय का?"

कमळच्या माहेरी पालखी उशिरा फिरते. सासऱ्यांच्या अंगणात अंबाजी आपला नारळ घेऊन भर उन्हात उभा राहिला. पालखीला अजून अवकाश होता. कमळ बाहेर आली.

"फोन?"

"घरी ठेवलाय."

"आन् बाजार?"

"चालू असंल."

तिनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "शेंडी देवाकडं करतात. एवढंबी म्हायत न्हाय?" म्हणत तिनं त्याच्या हातातला नारळ फिरवला आणि शेजारी उभी राहिली.

अंबाजीचे डोळे भरून आले. मर्जी फार तर एक घर चढली, असा त्यानं मनाशी अंदाज केला, आणि तिसऱ्या घराची वाट न बघता तेवढ्यावरच रकाना बदलला.