मांडीला बांधायची दोरी

वॉटरस्की शिकवण्याच्या परवान्यासाठी माझी परीक्षा होती आणि बोट चालवायला आमचा दादा होता. म्हणजे नापास व्हायची निम्मी तयारी घरातूनच झाली होती.

बोटीला एक लाल दोरी असते. एक टोक इंजिनाच्या स्विचला, दुसरं चालवणाऱ्याच्या मांडीला. तो पाण्यात पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं. नाहीतर रिकामी बोट पाण्यातल्या माणसांभोवती गोल गोल फिरत राहते, आणि तिच्या पोटाखाली पंख्याची पाती. दादाला या दोरीची अडचण होते. तो ती स्टिअरिंगला गुंडाळून ठेवतो.

"दादा, दोरी मांडीला लाव."

"बाईसाहेब, तू रांगत होतीस तेव्हापासून चालवतोय मी."

परीक्षक ऐकून न ऐकल्यासारखे पाण्याकडे बघत बसले होते. विद्यार्थिनी म्हणून पाण्यात होती दादाचीच मुलगी, थंडीने दात वाजवत. मी सरळ बोटीची किल्ली काढून घेतली. दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण परक्या माणसासमोर करतो काय! दोरी लावली एकदाची.

मग मी भाचीला खुणा शिकवल्या. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा. तळहात मानेवरून आडवा फिरवला म्हणजे थांबा. "ही खूण दिसली की बोटीच्या दोराची हातातली दांडी सोडून द्यायची. विचार करत बसायचं नाही."

"अजिबात नाही, आत्या?"

"अजिबात नाही."

पोरगी गुणाची. तिसऱ्या खेपेला पाण्यावर ताठ उभी राहिली.

धक्क्यावर उतरल्यावर परीक्षक म्हणाले, "किल्ली काढलीत तेव्हाच पास झालात." मला आभाळ ठेंगणं झालं. त्यांना फाटकापर्यंत सोडून परत येते, तोवर इंजिनाचा आवाज. दादा लेकीला घेऊन पुन्हा निघालाही होता. परीक्षा संपली, आता कोण बोलणार!

वारा वाढला होता आणि पाणी शिशासारखं काळपट दिसत होतं. दादा उभ्यानेच बोट चालवत होता, एक पाय बोटीच्या काठावर, मान मागे वळवून लेकीकडे. लाल दोरी स्टिअरिंगला. ये रे माझ्या मागल्या! मी घसा फाटेस्तोवर ओरडले, पण इंजिनापुढे कुणाला ऐकू जाणार? शेवटी मी तळहात मानेवरून आडवा फिरवला. पुन्हा पुन्हा फिरवला.

दादाने हसून मला हात केला.

भाचीने मात्र खूण ओळखली. शहाण्या पोरीने विचार न करता दांडी सोडली, गळ्यापर्यंत पाण्यात गेली आणि बरोबर केलं ना, असं विचारल्यासारखा माझ्याकडे बघून हात वर केला.

तिला घ्यायला दादाने बोट गर्रकन वळवली. बोट कलली, आणि माझ्या डोळ्यांदेखत स्टिअरिंगमागची जागा रिकामी झाली. इंजिन चालूच होतं.