नऊ नंबरचा पेशंट

"तूच पाजलंस ॲसिड! या गल्लीत आणखी कोणाकडे असतं?"

मी भर रस्त्यात ओरडत होते. बॅटरीवाला हातातला फडका पिळत मान खाली घालून उभा होता. मागून मास्तर म्हणाले, "सिस्टर, जरा हळू." पण बत्तीस वर्षं वॉर्डात हळूच बोलले, आता पेन्शनीत तरी घसा मोकळा करू दे की! आमच्या फाटकासमोरचं झाड आठवड्यापूर्वी हिरवंगार होतं. आता त्याची पानं करपून फांदीलाच चिकटली होती आणि बुंध्याशी वाकलं की नाकाला झोंबत होतं.

"उद्या पालिकेत अर्ज देते. दुकानच उठवते तुझं!"

"तुम्हाला वाटेल ते करा, सिस्टर," एवढंच तो बोलला. उलटून बोलला असता तरी बरं होतं. अशा मऊ माणसांचा मला फार राग येतो.

गल्लीत चौदा झाडं आहेत. मी, मास्तर आणि मागच्या बाजूची शिंपीण, आम्ही तिघं त्यांचं बघतो. त्यांना नंबर मी दिले, वॉर्डातल्या खाटांसारखे. दोन नंबरला जाहिरातींचे खिळे, पाच नंबरला तारेचा फास, आणि अकरा नंबरच्या बुंध्यात लोक उष्टं-खरकटं, पोरांचे भरलेले डायपर, काय वाट्टेल ते टाकतात, वरून थुंकतात. मी माणसांचा पू हाताने काढलाय, कधी नाक मुरडलं नाही. पण या धडधाकट, आंघोळ करून निघालेल्या माणसांची मला शिसारी येते. त्यातल्या त्यात आता करपलेला हा नऊ नंबर माझा लाडका. लहानपणी टेम्पोने मोडला होता, तेव्हा फळी लावून, पट्टी बांधून मी त्याला उभा केला. फळी अर्थात यांनी तासून दिली. हे सुतार.

मास्तर अर्ज लिहायला घरी गेले. जाताना म्हणाले, "बुंध्याला भोकं पाडून ॲसिड ओततात, ती किती आहेत तेवढं मोजून ठेवा." म्हणून मी बुंध्याशी बसले, आणि मला एकही भोक दिसेना. शेवटी डोळे मिटून शीर शोधतात तशी बोटं फिरवली. एका जागी साल जरा जास्तच गुळगुळीत लागली. नखाने खरवडलं. आत भुसा आणि सरस कालवून ठासलेला होता, वर सालीच्या रेषेला रेष जुळवलेली, रंगसुद्धा सालीचाच. अशी सहा भोकं.

मी तिथेच मातीत बसून राहिले. लबाड माणूस घाईत असतो, चिखल थापून पळाला असता. हे काम गुडघे टेकून, सावकाश केलेलं होतं. आमच्या जेवणाच्या टेबलावर यांनी स्क्रूंवर बुजवलेले असे आठ ठिपके आहेत, पाहुण्यांना बोट ठेवून दाखवावे लागतात. "उघडं भोक ठेवून मला उठवतच नाही," हे नेहमी कौतुकाने सांगतात.

हे मागच्या पडवीत रंधा मारत होते.

"अहो, नऊ नंबरला भोकं किती?"

"सहा," हे म्हणाले. कामाचं विचारलं की यांच्या तोंडून खरंच निघतं. मग रंधा थांबला.

"का केलंत?"

"त्याची गाडी आत येत नाही गं. फोनवर दर वेळी तेच म्हणतो, बाबा, गाडी कुठे लावू? झाड गेलं की फाटक रुंद करणार होतो."

"आपला मुलगा गाडीमुळे येत नाही?"

मला क्षणभर यांची दया आली, आणि त्या दयेचीसुद्धा किळस आली.

"मी त्या माणसाला रस्त्यात फाडून खात होते, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"खिडकीत."

"आणि?"

"तो काही बोलला नाही. म्हटलं, मिटेल."

मिटेल! मला यांच्या हातांकडे बघवेना. "चला माझ्याबरोबर," मी म्हटलं. हे बोटांना लागलेला भुसा झाडत बसले. मी एकटीच रस्ता ओलांडला.

बॅटरीवाल्याने माझ्यासाठी स्टूल पुसलं. त्याचं मला जास्त लागलं.

"मला माहीत होतं, सिस्टर. ॲसिड माझ्याकडूनच नेलं त्यांनी. न्हाणीघराच्या फरशीला पाहिजे म्हणाले."

"मग तोंडात काय मूग धरले होतेस? दुकान गेलं असतं तुझं!"

"माझी आई तुमच्या वॉर्डात गेली. शेवटच्या दिवशी आम्ही पोरं नाक दाबून बाहेर उभी होतो. तुम्ही तिला स्वच्छ केलंत. तुमच्या घरातली घाण मी रस्त्यावर कशी काढू?"

मला ती बाई आठवेना. किती तरी होत्या.

तशीच मास्तरांकडे गेले. अर्ज तयार होता, सुवाच्य अक्षरात, आणि त्यात बॅटरीवाल्याचं नाव होतं.

"हे खोडा."

"मग कोणाचं लिहू?"

लग्नाला अडतीस वर्षं झाली. 'अहो' आणि 'हे' यांच्यापलीकडे मी कधी गेले नव्हते. हॉस्पिटलच्या फॉर्मवरसुद्धा यांचं नाव दुसरी नर्स लिहायची, आणि सगळ्या मला हसायच्या. आज मी ते स्पष्ट उच्चारलं, वडिलांच्या नावासकट.

मास्तरांचं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं. चाळीस पावलांवर राहणारा माणूस, आडनाव त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. तरी त्यांनी खालमानेने विचारलं, "आडनाव?"

"माझं आहे तेच," मी म्हटलं. "लिहा."