तळ्याला वळसा

"पोरांना मधी घ्या. मोठी मानसं पुढं आन् मागं. पान्यात कुनी उतरायचं नाय," चांगुणा मोठ्याने म्हणाली आणि माणसं मोजू लागली.

नाशिकरोडच्या एका सोसायटीतली कुटुंबं सकाळीच मिनीबसने आली होती. त्र्यंबकच्या पुढे, धरणाच्या पाण्याला वळसा घालून जंगलातून चार किलोमीटर जाणारी ही वाट फारशी चढाची नाही. म्हणून रविवारी मुलाबाळांची माणसंच इथे जास्त येतात. सहली काढणारा शेखर त्यांना नाशिकहून आणतो आणि वाट दाखवायला चांगुणा असते. पाड्यावरची ही छप्पन्न वर्षांची बाई दोन वर्षं हेच काम करत होती.

"एकवीस," ती म्हणाली. "बावीस सांगितली व्हती ना?"

"दोन वाढलीत, चोवीस होतील. तिघी अजून बसमध्येच आहेत, आजींना उतरायला वेळ लागतोय," शेखर म्हणाला.

बसच्या दारात काठी टेकत एक म्हातारी उतरली. तिच्या मागून सात-एक वर्षांची मुलगी. आणि मुलीच्या मागून सरिता.

उन्हासाठी पुढे ओढलेली टोपी चांगुणाने मागे सारली. आपण चुकत तर नाही ना, असं तिला वाटलं. पण चूक नव्हती. नऊ वर्षांत सरिता थोडी भरली होती, केस खांद्यापर्यंत कापले होते, चालणं मात्र तेच होतं. सरितेनेही आईकडे पाहिलं. तिची नजर आईच्या मोकळ्या कपाळावर गेली आणि तिथेच थांबली. तिने सासूचा दंड घट्ट धरला.

शेखर म्हणाला, "चला मावशी, ऊन वाढेल." आणि चांगुणा पुढे निघाली.

सरिता पाड्यावरची पहिली नर्स. आश्रमशाळेत शिकली, नाशिकला वसतिगृहात राहिली, तिथेच एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरी करणाऱ्या महेशशी तिचं जमलं. मुलगा जातीबाहेरचा. सरिता सांगायला घरी आली, तेव्हा तिच्या बापाने, सोमाने, अंगणातूनच तिला परत फिरवलं. "आमाला पोरगी नाय," तो म्हणाला. चांगुणा दारात उभी होती. नवऱ्याला थांबवता आलं असतं, निदान पोरीच्या मागे फाट्यापर्यंत जाता आलं असतं. तिने यातलं काहीच केलं नाही. त्या दिवसापासून सरिता नव्हती.

वाट पाण्याच्या कडेने ऐन आणि सागाच्या झाडीत शिरली. मुलं पुढे धावू लागली. थोड्या वेळाने ती मुलगी सगळ्यांना मागे टाकून थेट चांगुणाच्या बरोबरीने चालू लागली.

"मावशी, तो काळा पक्षी असा हात पसरून का बसलाय?"

"पानकावळा हाय त्यो. बुडी मारून मासा धरला, आता पंख वाळवतोय. तुजं नाव काय?"

"वेदिका महेश. दुसरीत आहे. तुम्हाला सगळे पक्षी ओळखता येतात?"

"सगळे नाय. हितले येत्यात."

"माझ्या आजीला एकपण येत नाही. ती बघा, काठीवाली. कुसाआजी." वेदिका उलटी चालत मागे बोट दाखवू लागली. "मला एकच आजी आहे. आईची आई देवाघरी गेली ना. आई लहान होती तेव्हाच."

चांगुणाचं पाऊल अडखळलं. मागून येणाऱ्या माणसांना वाटलं, दगड लागला. तिने सावरून घेतलं, खाली वाकली आणि मुलीला ओलसर मातीतलं भोक दाखवलं.

"हे बग. खेकड्याचं बीळ. हात नको घालू हां, चावतंय."

पुढे एक ओहोळ होता. पाणी घोट्याएवढंच, पण दगड शेवाळलेले. चांगुणाने मुलांना एकेक करून पलीकडे नेलं. वेदिकाची पाळी आली तेव्हा तिने हात पुढे केला, आणि पलीकडे गेल्यावरही सोडला नाही. लहानसा, गरम, घामेजलेला हात. चांगुणा चालण्याचा वेग कमी करत गेली. दीड तासाची वाट होती. आज तिला ती फार तोकडी वाटली.

अर्ध्या वाटेवर उंबराखाली सगळे टेकले. डबे उघडले, सतरंज्या पसरल्या. चांगुणा नेहमी जरा लांब, पाण्याच्या काठाला बसायची. तशीच बसली. थोड्या वेळाने बाटली भरायच्या निमित्ताने सरिता तिथे आली आणि पाठमोरी उभी राहिली.

"बा कधी गेला?"

"दोन वरसं झाली. भात कापनी चालली व्हती."

"मला कळवलं नाहीस."

"तुज्या हॉस्टेलच्या मीनाबाईंकडनं नंबर घेतला. तीन डाव फोन केला. तिन्ही डाव बाप्याचा आवाज आला. काय बोलावं सुदरंना. ठेवून दिला."

सरिता वळली. तिचा चेहरा एकदम उतरला होता. "महेश सांगायचा... कुणीतरी फोन करतं, नुसता श्वास ऐकू येतो. मी म्हटलं, राँग नंबर असेल."

"मीच व्हते."

पलीकडे कुणाचं तरी मूल काकडीसाठी रडत होतं.

"त्यो रोज इचारायचा," चांगुणा म्हणाली. "शेवटी शेवटी. सरी आली का? मी म्हनायची, वाटंत हाय."

सरिता खाली बसली. बाटली पाण्यात धरली, पण ती भरली तरी तिचं लक्ष नव्हतं. "सोसायटीच्या ग्रुपवर तुझा फोटो आला," ती म्हणाली. "टोपी होती डोक्यावर, तरी ओळखलं. म्हणून नाव नोंदवलं. नुसतं बघून जायचं ठरवलं होतं." बोलता बोलता तिची भाषा पाड्याची होऊ लागली. "आये, मी लग्नात सांगितलं, मला कोनी नाय. महेशला ठाव हाय, पन त्याच्या आईला नाय. एकदा सांगितलं, मग बदलायलाच जमंना."

"तुजी पोरगी बोलली मगाशी."

सरितेने ओढणी तोंडाला लावली.

"रडू नको. खरंच बोललीस तू," चांगुणा म्हणाली. "तवा कोन व्हतं तुला? मी दारात उभी व्हते आन् तोंड उगडलं नाय. आय अशी असती व्हय?"

सरितेने पाण्यापलीकडच्या झाडीकडे पाहिलं. "घर दिसतं का इथून?"

"त्या सागाच्या मागं हाय. कौलं बदललीत. धा मिंटं लागत्यात."

सरिता बराच वेळ तिकडे पाहत राहिली. मग तिने उंबराखाली बसलेल्या सासूकडे पाहिलं. शेखरने टाळ्या वाजवून सगळ्यांना उठवलं. सरिता उठली, बाटलीचं झाकण लावलं आणि आपल्या माणसांत गेली.

बसपाशी परत आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. कुसाबाई दमून बांधावर बसल्या होत्या. एकलहऱ्याजवळच्या खेड्यात शेती करून उभा जन्म गेलेली बाई. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून काठी आली होती. सरिता शेजारी उकिडवी बसून वेदिकाच्या बुटाची नाडी बांधत होती. चांगुणाने कुसाबाईंना तांब्याभर पाणी दिलं.

"तुमचे पाय लय चालतात बाई," कुसाबाई म्हणाल्या. "पोरंबाळं किती?"

"एक मुलगी. नाशकात नर्स हाय."

नाडी बांधणारे हात थांबले.

"येते का भेटायला?"

"कामाची असती ती. येळ भेटंल तशी येती."

चांगुणाने हे सरितेकडे न बघता सांगितलं. आवाजात कुठेही कमीजास्त नव्हतं. कुसाबाईंनी पाणी संपवलं, तांब्या खाली ठेवला आणि समोरच्या बाईच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. हनुवटीच्या मधोमध खळी होती. मग त्यांनी खाली वाकलेल्या सुनेच्या हनुवटीकडे पाहिलं. सुनेचे डोळे लाल झाले होते, आणि ती काही केल्या मान वर करत नव्हती.

पिशवीत हात घालून कुसाबाईंनी स्टीलचा डबा बाहेर काढला.

"तिळाचे लाडू हायेत. घरचे. घ्या."

"अहो नको, पोरं खातील."

"पोरांनी खाल्लेत. मुलीच्या सासरचे म्हनून घ्या." त्यांनी डबा चांगुणाच्या हातात दिला आणि वरून स्वतःचा हात ठेवला. "रिकामा करून द्यायची घाई करू नका. डबा न्यायला सरिता येईल."

सरितेने मान वर केली. सासू तिच्याकडे पाहत नव्हती; काठी टेकत उठायच्या खटपटीत होती. सरिता धडपडत उठली आणि तिने सासूला आधार दिला. दोघी बसच्या पायऱ्या चढल्या. चढताना कुसाबाई सुनेला हळूच काहीतरी म्हणाल्या. काय ते चांगुणाला ऐकू आलं नाही.

खिडकीतून वेदिका ओरडली, "मावशी, टाटा!"

"मावशी काय?" आतून कुसाबाईंचा आवाज आला. "आजी म्हन त्यांना."

"आजी, टाटा!"

चांगुणाने हात वर केला. बस वळणापलीकडे गेली, धूळ खाली बसली, तरी तो वरच होता.

आठवड्याने सरितेचा फोन आला. यावेळी चांगुणा बोलली. ड्युटी बदलून मिळाली की येते, सरिता म्हणाली, सुपरवायझर ऐकत नाही. चांगुणा म्हणाली, सवडीनं ये.

लाडू तिने रोज एक असे पुरवले. मग डबा राखेने घासला, उन्हात वाळवला. तो रिकामा देणं बरं नव्हतं. सरितेला खुरासणीची, म्हणजे कारळ्याची चटणी आवडायची; ती कुटून तिने काठोकाठ भरली. दोन रविवार गेले, तिसरा गेला. पळसाला फुलं आली. चौथ्या शनिवारी तिने डबा उघडून वास घेतला. चटणी अजून खराब नव्हती, पण ताजीही राहिली नव्हती. ती तिने शेजारच्या पुतळाबाईला देऊन टाकली, पुन्हा चूल पेटवली, खुरासणी भाजायला घेतली आणि करपू नये म्हणून तव्यावरून नजर न काढता परतत राहिली.