हरलेल्याची फायनल

दुपारी दीडला फरशीवाला सेमीफायनल हरला आणि दोन वाजता शॉवरखाली उभा असताना त्याने ठरवून टाकलं, आता पुरे. वय छत्तीस. हे ठरवताना फार वाईट वाटेल, असा त्याचा अंदाज होता. तसं काही झालं नाही. उजवी नडगी सुजून टम्म झाली होती, तिच्यावरून पाणी वाहत होतं आणि आपण दुसऱ्याच कुणाचा तरी पाय धुतोय, असं त्याला वाटत होतं.

लोकांच्या न्हाणीघरात आणि स्वयंपाकघरात फरश्या बसवणं हा त्याचा धंदा. त्यावरून नाव पडलेलं. दिवसभर गुडघ्यांवर काम आणि संध्याकाळी किकबॉक्सिंग, अशी पंधरा वर्षं गेली होती. या स्पर्धेत आठ देशांचे मिडलवेट वजनगटातले आठ खेळाडू एकाच दिवशी खेळत होते: सकाळी आठ जण, दुपारी चार, आणि पाच वाजता फायनलला उरलेले दोघे.

बाहेर त्याची ताई डबा उघडून बसली होती. ती नर्स होती आणि प्रत्येक लढतीत रिंगच्या त्याच्या कोपऱ्यात तीच उभी राहायची.

"ताई, मी थांबतोय."

"थांब की. पळायला कोण सांगतंय?"

"तसं नाही. कायमचा."

ती अंड्याचं कवच सोलत होती. हात क्षणभरच थांबले. "बरं," ती म्हणाली. "मग आता पोटभर जेव."

तो जेवला. कित्येक महिन्यांनी न मोजता जेवला, पण चव काही कळली नाही.

पावणेचारला संयोजक बाई धापा टाकत आल्या. "उंच्याचं पाऊल मोडलंय." ताडमाड वाढलेला उंच्या म्हणजे फरशीवाल्याला हरवणारा, नाव ताईनेच ठेवलेलं, पण तोवर सगळ्या हॉलमध्ये झालं होतं. "तुमच्याच नडगीवर लाथ बसली तेव्हा मोडलं. आत्ता एक्स-रे आला. नियम असा आहे की, जिंकलेला उभा राहू शकला नाही, तर त्याने शेवटी ज्याला हरवलं तो पुढे जातो."

"पण मी हरलोय."

"माहितीये हो. निकाल मीच वाचून दाखवला ना!"

"मी जेवलोयसुद्धा."

"तासभर आहे अजून," बाई म्हणाल्या आणि डॉक्टरांना बोलवायला गेल्या.

डॉक्टरांनी नडगी चारही बाजूंनी दाबून पाहिली. "दुखतंय?"

"नाही," तो म्हणाला. ते खरंच होतं.

ताई त्याच्या हातांना पट्ट्या बांधत होती, तेवढ्यात उंच्या कुबड्या टेकत आत आला आणि समोरच्या बाकावर बसला.

"फायनलला जो समोर आहे ना, लाथ मारायच्या आधी त्याचा डावा हात खाली येतो," उंच्या म्हणाला. "जेमतेम वीतभर. मी तीन महिने तेवढंच बघत बसलोय."

"तुम्ही कशाला आलात या पायाने?" ताई म्हणाली. "पडून राहा की."

"पडून तेच आठवणार. त्यापेक्षा याला सांगितलेलं बरं."

फायनल तीन राउंडची होती. पहिल्यात फरशीवाल्याने मार खाल्ला. ठोसे बसत होते, आवाज ऐकू येत होता, पण डोकं सामान काढून नेलेल्या खोलीसारखं रिकामं होतं. दुसऱ्या राउंडमध्ये तो खाली पडला. पंच त्याच्या तोंडासमोर बोटं नाचवत आकडे मोजत होते. सहापर्यंत त्याने ऐकले आणि मग उठला. जिद्द वगैरे काही नव्हती. पडून राहायला काही कारण सापडेना, एवढंच.

"दिसतंय का नीट?" कोपऱ्यात ताईने विचारलं.

"दिसतंय."

"बंद करायचं का? सांग मला."

"एकच राहिलाय ना. होऊ दे."

तिसऱ्या राउंडचं एक मिनिट उरलं असताना समोरच्याचा डावा हात वीतभर खाली आला. फरशीवाल्याने तो पाहिला. पुढचं त्याच्या उजव्या हाताने आपलं आपणच केलं. समोरचा खाली बसला आणि दहा मोजून झाले तरी उठला नाही.

हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. ताई रडत होती. कुणीतरी कप हातात दिला, कुणीतरी माइक तोंडाशी धरला. "कसं वाटतंय?"

"बरं वाटतंय," तो म्हणाला. किती वाजले विचारलं असतं, तर तेही त्याने याच सुरात सांगितलं असतं.

सहा वाजता हॉलच्या मागच्या दाराशी टॅक्सीची वाट बघत तिघं उभे होते. उंच्याने विचारलं, "आत काय वाटलं रे? खरं सांग."

या माणसाला थाप मारणं फरशीवाल्याच्या जिवावर आलं. "काहीच नाही. मी दुपारीच सगळं सोडलं होतं. नंतरचं नुसतं बघत होतो."

उंच्याने कुबडी काखेत नीट सरकवली. मग म्हणाला, "हे दुसऱ्या कुणाला सांगू नकोस. आणि मलाही पुन्हा सांगू नकोस."

"चुकलंच माझं."

"दे जरा इकडे." उंच्याने कुबड्या ताईकडे दिल्या, भिंतीला टेकून एका पायावर उभा राहिला आणि कप छातीशी धरला. "फोटो काढ."

फरशीवाल्याने काढला. छान आला. कप उंच्याचाच वाटत होता.

"पाठवू?"

उंच्याने फोटो निरखून पाहिला. "नको. पुसून टाक."

फरशीवाल्याने तो उंच्याच्या डोळ्यांसमोरच पुसला. टॅक्सी आली. दोघा भावंडांनी उंच्याला काखेत हात घालून आत बसवलं. कुबड्या आडव्या मावेनात, म्हणून काच खाली करून टोकं बाहेर काढावी लागली. गाडी कोपऱ्यावरून वळून गेली.

"रडलास तरी चालेल हं," ताई म्हणाली. "इथे कुणी नाही."

त्याने थोडा प्रयत्न करून पाहिला. "येत नाहीये गं."

"बरं. मग उद्या."

त्यांची टॅक्सी यायला अजून बारा मिनिटं होती. दोघं पायरीवर बसले आणि कप मध्ये ठेवला.